घाट राखणाऱ्यांचा हक्क

१६३० च्या नोव्हेंबर महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी नावाचा नोकर सुरतेहून आग्र्याला निघाला. नवापूरचा डोंगराळ भाग ओलांडून तो नंदुरबारला पोचला, तेव्हा त्याला तंबू ठोकायला धड जागा मिळेना. जिथे पाहावे तिथे दुष्काळात मेलेल्यांची प्रेते पडलेली होती. पुढे शिंदखेडा, थाळनेर, चोपडा अशी तापीकाठची वाट धरून तो बऱ्हाणपूरला गेला. वाटेवरची गावे ओस पडली होती आणि वाटमारीची भीती पावलोपावली होती.

त्या वर्षी शहाजहान बादशहाचा तळ बऱ्हाणपुरातच होता. दख्खनची मोहीम चालू होती. बादशहाने शहरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला आणि शेतसाराही सोडला. हे त्याच्या दरबारी इतिहासातच लिहिलेले आहे, ते खोटे मानायचे कारण नाही. पण बऱ्हाणपूरच्या वेशीपर्यंत जो चालत येऊ शकला, त्यालाच त्या लंगराचा घास मिळाला. नंदुरबारच्या रस्त्यावर पडलेल्या माणसापर्यंत काहीच पोचले नाही. माळव्यात धान्य होते आणि बंजाऱ्यांच्या बैलांवरून ते दक्षिणेकडे येतही होते. मात्र आधी ते शाही छावणीच्या तोंडी पडत होते.

बऱ्हाणपूर सोडून उत्तरेकडे जाताना मंडीला असाच एक तांडा भेटला. त्यात चौदा हजार बैल होते आणि सगळ्यांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या होत्या. असा तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नसे. मुक्कामाला गोण्या उतरवून एकावर एक रचायच्या, त्यांचीच चौकोनी भिंत उभी करायची, माणसे आणि पोरेबाळे आत घ्यायची, भोवती कुत्री सोडायची. पहाटे पुन्हा त्याच गोण्या बैलांवर चढायच्या. खानदेशातला दाणा शेकडो वर्षे असाच हलत आला. आगगाडी येईपर्यंत दुसरा मार्गच नव्हता.

खानदेशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणला की यातली अडचण कळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे आणि डांगाचे रान. मधे तापी, गिरणा आणि पांझरेची काळी जमीन. पाऊस झाला तर हा मुलूख स्वतः खाऊन दुसऱ्यालाही घालतो. पाऊस चुकला की मात्र बाहेरून येणारी प्रत्येक गोणी कुठल्यातरी घाटातूनच आली पाहिजे. माळव्याचे धान्य सेंधव्याच्या घाटाने, दख्खनचे कन्नडच्या घाटाने, गुजरातेतले नवापूरच्या वाटेने. आणि पुढे मराठेशाहीच्या काळात प्रत्येक घाटाच्या माथ्यावर एक राज्य संपून दुसरे सुरू व्हायचे. सातमाळ्यावर निजामाची हद्द, सातपुड्यापलीकडे होळकर आणि बडवानीकर, पश्चिमेला गायकवाड आणि डांगचे राजे. लुटून पाच कोस पळाले की पाठलाग करणाऱ्याचा अधिकार संपत असे.

या सगळ्या घाटांत राहत होते भिल्ल. आमच्या शालेय पुस्तकांत ते कधी एकलव्याचे वंशज म्हणून येतात, कधी दरोडेखोर म्हणून. मधल्या काळात त्यांचे काम काय होते ते कुणी सांगत नाही. ते गावाचे जागले होते आणि घाटाचे राखणदार होते. चोरी झाली की माग काढणे हे जागल्याचे काम. पावलांचे ठसे धरून तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचा आणि तिथल्या जागल्याला माग दाखवून मोकळा व्हायचा. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावाच्या शिवारात माग हरवेल, त्या गावाने नुकसान भरून द्यायचे. घाटातला नाईक तांड्याला आणि वाटसरूला सुखरूप पलीकडे पोचवायचा. बदल्यात त्याला गावाकडून खळ्यावरचे धान्य, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून ठरलेले पैसे आणि सरकारकडून हक्काची नेमणूक मिळायची. ही व्यवस्था कागदावर कमी आणि शब्दावर जास्त चालायची, पण चालायची.

ती मोडली १८०२ मध्ये. पुण्यावर चालून जाताना यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पुढच्या वर्षी इंग्रज, शिंदे आणि भोसले यांचे युद्ध पेटले. असईची लढाई अजिंठ्याच्या डोंगरापासून जवळच झाली. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. बैल उरले नव्हते, बियाणे उरले नव्हते. जे धान्य बंजारे आणत ते पुन्हा सैन्याच्या तळांवर जात होते, जसे १६३० मध्ये गेले होते. लोक गुजरातेकडे निघून गेले. गाव उठले की गावाच्या जागल्याचा हक्क कोण देणार? जागले डोंगरात गेले आणि आजवर जी वाट राखली तीच अडवून पोट भरू लागले.

यावर पेशवाईतल्या अधिकाऱ्यांनी जो उपाय केला तो मराठी माणसाने वाचायलाच हवा, कारण तो आपल्याच राज्यातला आहे. बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी म्हणून बोलावले. शब्दावर विसंबून ते आले. त्यांना पकडून मारले आणि विहिरींत टाकले. असेच प्रकार इतर ठाण्यांवरही झाले. पुढे त्र्यंबकजी डेंगळ्यांच्या हाताखाली पाच-सहा हजारांची फौज खानदेशात भिल्लांची शिकार करत फिरली आणि त्यात बायका-मुलेही सुटली नाहीत. राज्य चालवण्याची निकड, काळ धामधुमीचा, ही कारणे मला पुरेशी वाटत नाहीत. अभय देऊन मारणे याला कुठल्याही काळात एकच नाव आहे. त्याचा परिणाम नंतर कित्येक वर्षे भोगावा लागला. बोलणीचे आमंत्रण आले की भिल्ल ते मृत्यूचे आमंत्रण समजू लागले.

१८१८ मध्ये कंपनीने खानदेश घेतला तेव्हा तो जवळजवळ उजाड होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून आला. सरकारी नोंदीप्रमाणे १८२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत वाघांनी पाचशे माणसे आणि वीस हजार गुरे मारली. जिथे शेत होते तिथे रान माजल्याशिवाय असे होत नाही. ब्रिग्जने घाटांवर चौक्या बसवल्या, डोंगरांची नाकेबंदी करून खाली मैदानातून जाणारे धान्य तोडले, नायकांना पकडून फाशी दिले. काही नायकांना नेमणुकाही बांधून दिल्या, पण हात तलवारीवरच होता. चील नाईक १८१९ मध्ये फासावर गेला. दोन-तीन वर्षांत हिर्या नाईक उठला. एक टोळी बसली की दुसरी उभी राहायची. शिबंदी तापाने मरायची, कारण पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला बाहेरचा शिपाई टिकत नसे.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये धोरण बदलले. खानदेशचे तीन भाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमला. वायव्येला नंदुरबार-सुलतानपूरकडचा भाग, त्याचे ठाणे तापीकाठी कुकरमुंड्याला. दक्षिणेला सातमाळ्याचा भाग, ठाणे कन्नडला, एजंट चार्ल्स ओव्हन्स. आणि ईशान्येला चोपडा, यावल, एरंडोल, अमळनेर वगैरे, ठाणे धरणगावला.

धरणगाव तेव्हा काही अनोळखी खेडे नव्हते. तिथल्या कापडाला मागणी होती. कंपनीने १६७४ मध्येच इथे वखार घातली होती. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने हे गाव लुटले, १६७९ मध्ये पुन्हा. पेठ असलेल्या गावाला हे भोगावेच लागायचे. पण इथून सातपुडा एका दिवसाच्या मजलेवर आणि सातमाळाही फार दूर नाही, म्हणून ठाण्याला जागा सोयीची होती. इथे आला जेम्स औट्रम, वय बावीस.

तिन्ही एजंटांना दोन कामे होती. एक, डोंगरातल्या भिल्लांना खाली आणून वसवायचे. दुसरे, त्यांचीच एक पलटण उभी करायची. इतिहासाच्या पुस्तकांनी दुसऱ्या कामाला मोठी जागा दिली, कारण त्यात शौर्य आहे, शिकारी आहेत आणि पुढे सर झालेला एक सेनापती आहे. मला पहिले काम जास्त मोलाचे वाटते. वसवायचे म्हणजे काय करायचे? आधी त्या माणसाच्या पोटाला पहिले पीक येईपर्यंत घालायचे. मग तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, द्यायची, ती नांगर, बैल आणि बियाण्यासाठी. जमीन हलक्या सवलतीत लावून द्यायची. त्याचे जुने हक्क काय होते ते चौकशी करून लिहून काढायचे आणि पाटील-देशमुखांनी बुडवलेले असतील तर वसूल करून द्यायचे. ज्या हद्दीत लष्करालाही एकटे जायची धास्ती वाटे, तिथे बी-बियाणे आणि बैलजोड्या पोचवायच्या.

ओव्हन्सने कन्नडच्या बाजूला हे काम चिकाटीने केले. त्याच्या वसाहती निजामाच्या हद्दीला लागून होत्या. तिथे एका राज्याने दिलेली तगाईची बैलजोडी दुसऱ्या राज्यातून आलेल्या टोळीने एका रात्रीत नेली असती. हे टळले ते नव्याने वसलेल्या भिल्लांमुळेच. बैल आता त्यांचे होते, आणि त्या डोंगरात माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. औट्रमइतके ओव्हन्सचे नाव झाले नाही, ही मला या इतिहासातली मोठी उणीव वाटते.

पलटणीचे काम सुरुवातीला जमेना. औट्रमने आल्याबरोबर एका टोळीवर छापा घातला आणि काही माणसे पकडली. त्यांना त्याने फासावर दिले नाही. त्यातल्या काहींना सोडून डोंगरात निरोप्या म्हणून पाठवले. मग तो स्वतः त्यांच्या पाड्यांवर जाऊ लागला, पहाऱ्याशिवाय. त्यांच्यातच बसायचे, त्यांच्याबरोबर वाघामागे जायचे, रात्री त्यांच्याच भरवशावर झोपायचे. पहिले शिपाई मिळाले ते नऊ. तेवढ्यात डोंगरात बातमी उठली की सरकार भिल्लांना एकत्र जमवून कापणार आहे. कोपरगावची विहीर कुणी विसरले नव्हते. या संशयाला शब्दांनी उत्तर देता येत नव्हते, आधीचा शब्दच विटाळलेला होता. औट्रम त्यांच्यात निःशस्त्र राहिला, ठरलेला पगार ठरल्या दिवशी हातावर ठेवत राहिला, आणि हळूहळू माणसे येत गेली. काही महिन्यांत नवाची साठ झाली, पुढे काहीशे.

१८२७ मध्ये ही पलटण मालेगावला नेऊन सरकारी फौजेबरोबर उभी केली. तिथे एक गोष्ट घडली. औट्रम ज्या रेजिमेंटचा होता तिचे शिपाई, त्यांत ब्राह्मण आणि रजपूतही होते, भिल्लांच्या तळावर भेटायला आले. त्यांच्यात बसले, पानसुपारी दिली-घेतली. कवायत किती सफाईची झाली यापेक्षा त्या पानाचे मोल भिल्लांना जास्त वाटले. ज्यांना गावाच्या वेशीआत बसायला कुणी पाट दिला नव्हता, त्यांना बरोबरीचे शिपाई म्हणून कुणीतरी विडा पुढे केला होता.

१८२८ मध्ये कलेक्टरने वर कळवले की वीस वर्षांत पहिल्यांदाच जिल्ह्याने सलग सहा महिने शांतता पाहिली. सहा महिने! आज हा आकडा छोटा वाटतो. पण सहा महिने म्हणजे एक अखंड हंगाम. पेरलेले घरी येते, तांडा घाटातून उतरून बाजारापर्यंत पोचतो, बाजारात भाव थोडा खाली येतो. वाटेवरची सरकारी तिजोरी आणि कैदी यांची राखण पुढे याच भिल्ल शिपायांकडे आली. तापाच्या रानात ते आजारी पडत नव्हते आणि घाटातल्या पायवाटा त्यांना पाठ होत्या. थोडक्यात, वीस वर्षांपूर्वी मोडलेली जागल्याची व्यवस्थाच कंपनीने पगार देऊन पुन्हा उभी केली.

हे सगळे निर्मळ भूतदयेतून झाले असे मी म्हणणार नाही. कंपनीला सारा हवा होता आणि आग्र्याचा रस्ता मोकळा हवा होता. भिल्ल पलटणीचा उपयोग भिल्लांविरुद्धही झाला. १८३० च्या डांग मोहिमेत औट्रम हीच माणसे घेऊन गेला. तरीही भुकेल्या मुलखात दाणा कसा पोचवावा याचा विचार करताना धरणगावची ती दहा वर्षे वगळता येत नाहीत. सुदानमध्ये १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी यादवीतल्या दोन्ही बाजूंशी करार करून धान्य आत नेण्याची मोठी मोहीम उभारली. त्या वेळीही प्रश्न हाच होता, की रस्ता ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलायचे की त्याला टाळायचे. आज मदतीचे ट्रक ज्या ज्या सरहद्दीवर अडकून पडतात, तिथे हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

वाट राखणाऱ्याशी बोलणे थांबवले की काय होते, हेही खानदेशाने पाहिले. सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. शिरपूरपासून घाटमाथ्यापर्यंतचा आग्रा रस्ता त्याने कित्येक वर्षे सुरक्षित ठेवला. त्याने केलेल्या मारहाणीत एक माणूस मेला म्हणून त्याला शिक्षा झाली, काम गेले. शिक्षेतून तो सुटला, पण जुना मान आणि जुना विश्वास पहिल्यासारखा परत आला नाही. १८५७ मध्ये देशभर वणवा पेटला तेव्हा खाज्या नाईक उठला. नोव्हेंबरात इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाख रुपयांचा खजिना त्याच घाटाच्या परिसरात लुटला गेला. रक्षणाला असलेल्या लोकांनी हातही उचलला नाही. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या कित्येक भिल्लांना जागेवरच गोळ्या घातल्या, बायका-मुलांना कैद करून नेले. त्या घाटाची प्रत्येक कपार ठाऊक असलेला माणूस वीस वर्षे सरकारच्या बाजूला होता. त्याला पुन्हा आपलासा करण्याची संधी गेली, याची किंमत अंबापाणीच्या बायका-मुलांनी मोजली.

पुढच्या चाळीस वर्षांत वाटांचे रूप पालटले. आगगाडी भुसावळला आली. शतक संपता संपता तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी लाइन अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी झाली. बंजाऱ्यांचे तांडे संपले. १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानात भिल्ल राहत होता तेच रान राखीव झाले. मोह, लाकूड, गवत यांच्यावर पहारा बसला. भिल्ल पलटण १८९१ मध्ये पोलिसांत मिळवली. म्हणजे घाट राखणाऱ्याचा हक्कही गेला आणि रानावरचाही गेला.

त्यानंतर आठच वर्षांनी छप्पनचा दुष्काळ आला, संवत १९५६ म्हणजे १८९९-१९००. या वेळी मैदानात धान्य नव्हते असे म्हणता येणार नाही. वॅगनी भरून ते येत होते. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, खडी फोडा आणि मजुरी घ्या. पण सातपुड्यातला भिल्ल खाली उतरून खडी फोडायला येईना. पाडा सोडून छावणीत राहायची त्याला भीती वाटे आणि छावणीत पटकी पसरे. डोंगरातल्या माणसांना त्यांच्याच जागी काम आणि दाणा दिला पाहिजे, हे दुष्काळ आयोगाच्या चर्चेत पुढे आले, पण तोवर पुष्कळ माणसे मेली होती. ओव्हन्सच्या वसाहतींनी पंचाहत्तर वर्षांपूर्वीच हे दाखवून दिले होते. सरकारी दप्तरात ते होते. काढून वाचायला कुणाला सवड झाली नाही.

चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. धुळे-सोलापूर महामार्ग त्यातून जातो. घाटातली कोंडी आणि अपघात इतके वाढले की २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना तिथे बंदी झाली. उत्तरेला सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, पावसाळ्यात रस्ते तुटतात. तेव्हा बाळंतपणाला अडलेल्या बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चार माणसे डांबरी सडकेपर्यंत आणतात. झोळी वाहणारे बहुतेक त्याच पाड्याचे असतात, भिल्ल आणि पावरा. तिथल्या वाटा त्यांच्याइतक्या कुणालाच माहीत नाहीत. तरी त्या भागासाठी रस्ते, दवाखाने, धान्याची गोदामे यांची आखणी नंदुरबारला, नाशिकला आणि मुंबईला होते. ती करणाऱ्यांनी एकदा तरी १८२५ ची धरणगावची दप्तरे मागवून वाचावीत, आणि पुढची बैठक पाड्यावर जाऊन, पाड्यातल्या माणसांना बरोबरीने बसवून घ्यावी.